रात्रीची गोळी आणि रविवारची गोळी

रविवारी सकाळी आत्याकडे गेले की पहिला चहा उशिरा मिळतो. आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी ती त्या दिवशी उठल्याबरोबर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेते आणि पुढचा अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, आडवे तर मुळीच व्हायचे नाही, हा नियम इतक्या निष्ठेने पाळते की तेवढी निष्ठा तिने चतुर्थीच्या उपासालाही कधी दाखवली नसेल. तुळशीच्या कुंडीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत गॅलरीत तिच्या येरझारा चालू असतात. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते म्हणून उभे राहायचे, आणि चहा-दुधाबरोबर ती अंगी लागत नाही म्हणून थांबायचे. एरवीसुद्धा पोटात गेलेल्या या औषधाचा शंभरावा हिस्साही धड रक्तात पोचत नाही. अशाच एका रविवारी चालता चालता ती थांबली आणि म्हणाली, "रात्री झोपताना ती कोलेस्टेरॉलची, आणि आज सकाळी ही हाडांची. आत गेल्यावर ह्या दोघींचं एकमेकींशी पटत असेल का गं?"

मी हसले आणि विषय तिथेच राहिला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आत्याच्या दोन डॉक्टरांपैकी कुणालाही तो विचारण्याची सोय तेव्हा नव्हती, हे त्याचे एक कारण. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे. त्यांचे दवाखाने शहराच्या दोन टोकांना आणि आत्याच्या कपाटात त्यांच्या फायलीही दोन. निळ्या फायलीत दर सहा महिन्यांची लिपिड प्रोफाइल तारखेप्रमाणे लावलेली असते. दुसरी फाइल म्हणजे मुळात एक्स-रेचे भले मोठे पाकीट. त्यात मनगटाची फिल्म, कमरेची फिल्म आणि डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, एक रंगीत कागद. कोलेस्टेरॉल तिच्या आयुष्यात रक्ताच्या एका नळीतून, निमूटपणे आले. हाडे मात्र मोरीच्या ओल्या उंबऱ्यावर पाय घसरला आणि टेकवलेला हात मनगटात मोडला तेव्हाच बोलली. तोवर तिच्या हाडांविषयी कुणी काही विचारले नव्हते, तिनेही नाही. आकड्याचे भय आपल्याला लवकर कळते. ज्याचा आकडा समोर येत नाही, त्याचे भय वाटायला काहीतरी मोडावे लागते.

कोलेस्टेरॉलच्या भयाशी माझी ओळख मात्र जुनी आहे. बाबांना बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यातून ते घरी येण्याआधीच स्वयंपाकघराची फेररचना झाली. साजूक तुपाची बरणी मांडणीच्या वरच्या फळीवर गेली, ओल्या खोबऱ्याचे वाटण बंद झाले, दुधावरची साय काढून शेजारच्या घरी जाऊ लागली. अंड्याचा बलक काढून पांढऱ्या भागाचे पोळे करण्याचा प्रयोग आईने काही दिवस केला. त्याला चव तर नव्हतीच, पण ते तव्यालाही चिकटून बसायचे. शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल-फ्री' असे ठळक अक्षरांत छापलेले पाहून आम्हाला हायसे वाटत असे. वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, ही साधी गोष्ट तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हती. बाबांच्या पथ्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. तूप, साय, खोबरे यांतल्या संपृक्त चरबीने रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढते आणि ते कमी झाले की हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे आता पुरेसे पक्के आहे. पण ज्याच्या छातीत दुखले त्याचे पथ्य सगळ्या घराने घेतले, आणि त्या घरात आईही होती. तिचे कोलेस्टेरॉल कुणी तपासले नव्हते. सायीबरोबर हळूहळू तिचे दूधही गेले, दह्याची वाटी गेली, अंडे तर कायमचे गेले. दुधातले कॅल्शियम सायीत नसते, साय काढलेल्या दुधातही ते तेवढेच राहते, एवढे जरी कुणी सांगितले असते तरी पुरे होते.

शरीराच्या हिशेबात कोलेस्टेरॉल हा बाहेरून आलेला शत्रू नाही. आपल्याला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल आपण स्वतःच तयार करतो, त्यात यकृताचा वाटा मोठा. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. पित्त त्यापासून होते. स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन आणि पुरुषाच्या शरीरातले टेस्टोस्टेरॉन त्यापासूनच होते, आणि हाडे शाबूत ठेवणाऱ्यांत या दोन्ही संप्रेरकांचा नंबर फार वरचा आहे. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर जो पदार्थ असतो, त्याचे नाव सेव्हन-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. तो त्वचेत असतो आणि उन्हातले अतिनील-ब किरण त्याच्यावर पडले की त्यापासून ड जीवनसत्त्व बनते, ज्याच्यावाचून आतड्यातून कॅल्शियम धड शोषले जात नाही. स्टेरॉल आणि जीवनसत्त्वे यांचे हे नाते उलगडल्याबद्दल आडोल्फ विंडाउस यांना १९२८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे निळी फाइल आणि एक्स-रेचे पाकीट यांच्यातला धागा शंभर वर्षांपूर्वीच माहीत झालेला आहे. तो आपल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसत नाही, एवढेच.

उन्हाचा विषय निघाला म्हणून सांगते. पुण्यात हिवाळ्यात सकाळी सातला कुठल्याही बागेत जा, बाकांवर स्वेटर, मफलर आणि कानटोपी घातलेले आजी-आजोबा कोवळे ऊन घेत बसलेले दिसतात. ऊब मिळते, गप्पा होतात, दिवस बरा जातो. पण ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने त्या उन्हात फारसे काही नसते, कारण सूर्य क्षितिजाजवळ असताना ते किरण वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचे ऊन त्या कामाचे, आणि तेही उघड्या कातडीवर पडले तर. शिवाय वयाबरोबर कातडीतला तो कच्चा मालच कमी होतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या मायकेल हॉलिक यांच्या एका प्रयोगात म्हाताऱ्या माणसांच्या त्वचेची ड जीवनसत्त्व तयार करण्याची ताकद तरुणांच्या निम्म्याहूनही कमी भरली होती. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भर दुपारी बारा वाजता हात उघडे टाकून बसू? लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं." तिला आता महिन्याला ड जीवनसत्त्वाची पुडी मिळते, ती ती दुधात घालून पिते.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची सुरुवात जपानमध्ये झाली. अकिरा एंडो या जीवरसायनशास्त्रज्ञाने हजारो बुरशा तपासल्या आणि क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीतून १९७३ साली पहिले स्टॅटिन वेगळे काढले. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या माणसाला लहानपणापासून बुरशीचा आणि अळंब्यांचा नाद होता. नव्वद वर्षांचे होऊन २०२४ साली ते वारले, आणि आज जगात कोट्यवधी माणसे रात्री झोपताना त्यांच्या शोधाची कुठली ना कुठली धाकटी बहीण गिळून झोपतात. (नव्या स्टॅटिनांना रात्रीचेच बंधन नाही, पण सवय पडली ती पडली.) आत्याच्या रविवारच्या गोळीचा जन्म त्याहून विचित्र आहे. तिच्या कुळातली रसायने पाइपांत आणि बॉयलरमध्ये चुन्याचा थर बसू नये म्हणून कारखान्यांत वापरली जात. स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६०च्या दशकात ती हाडांच्या संदर्भात तपासायला घेतली. आत्याच्या गोळीतल्या अलेंड्रोनेट या औषधाला हाडांच्या ठिसूळपणासाठी अमेरिकेत १९९५ साली परवानगी मिळाली. ते गोळ्यांच्या पाकिटात भरून विकले जाऊ लागले, बायका ते घेऊन उभ्या राहू लागल्या, आणि ते पेशीच्या आत नेमके कुठे बोट ठेवते हे त्यानंतर काही वर्षांनी कळले.

ते बोट कोलेस्टेरॉलच्याच वाटेवर आहे.

आमच्या गावी उसाला पाटाचे पाणी असे. पाटाच्या वरच्या अंगाला फळी घातली की खालच्या सगळ्या सरी कोरड्या पडायच्या, आणि खाली एखाद्या फाट्यावर घातली की त्याच्या पलीकडच्या. पेशीमध्ये कोलेस्टेरॉल बनवणारी जी साखळी आहे, तिला मेव्हालोनेट मार्ग म्हणतात. स्टॅटिन या पाटाच्या अगदी वर फळी घालते. अलेंड्रोनेट आणि त्याच्याच कुळातले झोलेड्रोनिक अॅसिड ही औषधे त्याच पाटावर खाली दुसरी फळी घालतात. तिथून एक वाट कोलेस्टेरॉलकडे जाते आणि दुसरी अशा काही चिकट शेपट्यांकडे, ज्या नसतील तर हाड कुरतडणाऱ्या पेशींना आपले काम करता येत नाही आणि त्या मरतात. हाड ही निर्जीव चुनखडी नाही; काही पेशी ते सतत कुरतडत असतात, काही भरत असतात, आणि मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. उतारवयात कुरतडणे जास्त होते आणि भरणे मागे पडते. रविवारची गोळी कुरतडणाऱ्यांचा पाट अडवते. आत्याच्या दोन गोळ्या शहराच्या दोन टोकांना लिहून दिल्या गेल्या, पण तिच्या शरीरात त्या एकाच पाटावर आहेत, वरखाली.

हे वाचून माझ्या मनात जो प्रश्न आला, तो माझ्या आधी पुष्कळ शास्त्रज्ञांच्या मनात येऊन गेला होता. वरचीच फळी घातली तर खालचे पाणी आपोआप अडेल. मग स्टॅटिननेच हाडे का मजबूत होऊ नयेत? १९९९ साली टेक्सासच्या ग्रेगरी मंडी यांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले की उंदरांमध्ये स्टॅटिनने नवे हाड तयार होते. पाठोपाठ २००० साली मोठ्या वैद्यकीय नोंदींवरून केलेले अभ्यास आले आणि स्टॅटिन घेणाऱ्या वृद्धांमध्ये खुबा मोडण्याचे प्रमाण कमी दिसले. एका गोळीत दोन्ही कामे होणार, असा उत्साह त्या काळच्या लेखांत अजूनही वाचताना जाणवतो. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी देणाऱ्या चाचण्यांतले आकडे तपासले गेले आणि उत्साह उतरला. जुपिटर या प्रचंड चाचणीत हजारो लोकांना रोसुव्हास्टॅटिन दिले होते. २०१५ साली त्यांतल्या अस्थिभंगांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक निघाला नाही. कारण उमगायला फार हुशारी लागत नाही, पण ते आधी सुचत नाही हे खरे. तोंडाने घेतलेले स्टॅटिन बहुतांशी यकृतातच अडते, हाडापर्यंत फार थोडे पोचते. अलेंड्रोनेट मात्र थेट हाडाच्या खनिजाला जाऊन चिकटते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. म्हणूनच साधारण पाच वर्षांनी काही रुग्णांना डॉक्टर त्यातून सुट्टी देतात आणि तरी हाड तग धरून असते. मग त्या २००० सालच्या नोंदींत फरक का दिसला होता? नेमाने स्टॅटिन घेणारी माणसे मुळात नेमाने फिरायला जाणारी, तपासण्या करून घेणारी, थोड्या बऱ्या अंगाची माणसे असतात. अशी माणसे कमी पडतात. जे श्रेय माणसाच्या शिस्तीला जायचे होते, ते गोळीला गेले.

मला या अपयशाविषयी एक विलक्षण आपुलकी वाटते. कागदावर इतकी सुंदर जुळणारी गोष्ट शरीराने नाकारली, आणि ती नाकारली आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा कुणीतरी केला.

कोलेस्टेरॉल वाढले की हाडे ठिसूळ होतात का, हा सरळ प्रश्न विचारला तर उत्तर तितके सरळ येत नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा गोंधळ बाईच्या पन्नाशीत आहे. पाळी जाते त्या सुमाराच्या एखाद्या वर्षात एलडीएल एकदम वर चढते. त्याच्या आगेमागेच हाडांची घसरणही सुरू होते आणि पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षे ती सगळ्यात वेगाने चालते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'स्वॉन' या अभ्यासाने त्याच त्या बायकांना वर्षानुवर्षे तपासून या दोन्ही गोष्टी टिपल्या. आपल्याकडे पाळी अमेरिकेतल्यापेक्षा लवकर, सरासरी सत्तेचाळिशीच्या आसपास जाते, म्हणजे घसरणही लवकर सुरू होते. आता पन्नाशीतल्या शंभर बायकांचे रक्त आणि हाडे तपासली तर जिथे कोलेस्टेरॉल चढलेले, तिथे हाडे उतरलेली, असे चित्र दिसणारच. पण त्यात एकाने दुसऱ्याला ढकललेले असेलच असे नाही. इस्ट्रोजेन ओसरले आणि दोघांच्याही अंगावरचा हात निघून गेला. माझ्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये एलडीएल शेवटच्या दोन तपासण्यांच्या दरम्यान १०८ वरून १३८ वर गेले तेव्हा घरात सगळ्यांनी दिवाळीच्या फराळाला दोष दिला. मी चकलीला दोष दिला नाही. रात्री पांघरूण फेकून पंखा पाचावर करून बसणाऱ्या बाईला कारण ठाऊक असते.

अर्थात सगळे निव्वळ योगायोगावर सोडता येत नाही. आत्याची कमरेची फिल्म मी एकदा खिडकीच्या उजेडाला धरून पाहिली. बाजूने काढलेला फोटो होता. मणके फिकट, कडा पेन्सिलीने रेखल्यासारख्या आणि आतली जागा जवळजवळ रिकामी. आणि मणक्यांच्या पुढे, जिथे मऊ मांसाशिवाय काही दिसायला नको, तिथे एक तुटक पांढरी रेघ वरून खाली गेलेली. ती महारोहिणी होती, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, चुना बसलेली. ज्या कॅल्शियमने मणक्यात असायला हवे ते रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसले होते, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि ते अगदी शब्दशः खरे नसले तरी दोन्ही गोष्टी एकाच माणसात वारंवार सापडतात हे डॉक्टरांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. लॉस एंजेलिस इथे लिंडा डेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रयोगशाळेत दाखवले की हवेने तेल खवट व्हावे तसे रासायनिकरीत्या बिघडलेले एलडीएल रक्तवाहिनीतल्या पेशींना खनिज साठवायला लावते, आणि हाड भरणाऱ्या पेशींचे काम तेच रोखते. एकच पदार्थ, दोन जागी दोन उलटी कामे. काचेच्या बशीतल्या पेशी आणि चालती-बोलती माणसे यांत अंतर आहे, आणि एलडीएल औषधाने उतरवले म्हणून हाडे मोडायची थांबली नाहीत हे वर आलेच. तरीही ती फिल्म पाहिल्यावर निळी फाइल आणि पाकीट कपाटाच्या दोन कप्प्यांत ठेवणे मला जड जाऊ लागले.

आणि मग ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो त्या एचडीएलने आणखी घोळ घातला. ऑस्ट्रेलियातल्या सत्तरी ओलांडलेल्या सोळा हजारांहून अधिक धडधाकट माणसांचा 'अॅस्प्री' नावाचा अभ्यास आहे. त्यावरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्यांचे एचडीएल ७४ मिलिग्रॅमच्या वर होते त्यांच्यात हाड मोडण्याचा धोका सगळ्यात कमी एचडीएल असणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त निघाला. बारीक अंगाच्या माणसांचे एचडीएल सहसा जास्त असते आणि हाडे नाजूक, हा आक्षेप पहिल्यांदा सुचतो. पण संशोधकांनी वजन, व्यायाम, दारू, औषधे अशा गोष्टी हिशेबात घेऊनही फरक उरला. म्हणून एचडीएल हाडे मोडते असे कुणी म्हटलेले नाही, हा सहसंबंध आहे, आणि तो त्या लोकांच्या वयाला धरून आहे. माझ्यापुरते मी इतकेच घेतले की 'चांगले' आणि 'वाईट' ही नावे हृदयाच्या डॉक्टरांनी हृदयाच्या सोयीने ठेवलेली आहेत. हाडांना कुणी विचारले नव्हते.

आईचे मला याच संदर्भात आठवते. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती वाळत गेली. जेवण म्हणजे मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे. दात नव्हते, भूक नव्हती, आणि बाबांच्या पथ्याची सवय त्यांच्यामागेही सुटली नव्हती. तपासणीत कोलेस्टेरॉल १३० च्या आसपास आले, एकही गोळी न घेता. रिपोर्टवर सगळे आकडे काळ्या अक्षरांत होते, लाल एकही नाही, आणि घरात समाधान पसरले. उतारवयात औषधाशिवाय कोलेस्टेरॉल असे ओसरू लागते, तेव्हा पुष्कळदा ते पोट रिकामे राहते आहे किंवा आत एखादा आजार वाढतो आहे याची खूण असते. म्हाताऱ्या माणसाचे वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही एकत्र घटले तर रिपोर्ट छान आला असे म्हणायचे नसते. त्याच पावसाळ्यात ती देवघरातून उठताना पडली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया नीट झाली, वॉकर आला, फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज येऊन "आजी, एक पाऊल, आता दुसरं" म्हणत राहिली. वर्ष पुरे झाले नाही. अनेक देशांच्या आकडेवारीत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातले एक तरी वर्षाच्या आत जाते, हे मी पुढे वाचले, आणि वाचून बरे वाटले की वाईट, हे मला सांगता येत नाही.

ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात जॉन केनिस यांनी २००८ साली 'फ्रॅक्स' नावाचे एक गणित तयार केले. वय, वजन, उंची, आधी काही मोडले होते का, सिगारेट, दारू, स्टिरॉइड, संधिवात अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्केवारीत येते. डेक्साचा आकडा असला तर तोही घालता येतो. भारतासाठी त्याचे वेगळे गणित आहे. मी ते एका रात्री भरायला बसले. त्यात कोलेस्टेरॉलचा रकाना नाही. या विषयावर एवढे सगळे वाचून झाल्यावर मला ती रिकामी जागा फार बोलकी वाटली: नाते आहे, पेशीच्या आत तर ते अगदी सख्खे आहे, पण लिपिड प्रोफाइल पाहून कुणाचे हाड मोडेल हे सांगण्याइतके ते उपयोगाचे नाही. त्याऐवजी तिथे एक प्रश्न होता, आई किंवा वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का. मी 'होय' वर बोट ठेवले. हृदयाच्या फॉर्मवरही असाच एक प्रश्न असतो, वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला होता का, आणि तिथेही माझे उत्तर होयच आहे. एकाने मला रक्तवाहिन्या दिल्या, दुसरीने हाडे.

आत्याच्या ताटात मात्र या सगळ्याने थोडा फरक पडला आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. गोळ्या दोन्ही चालू आहेत. त्यांचे आपसात भांडण नाही हे तिच्या डॉक्टरांनीही सांगितले, आणि स्टॅटिन स्वतःहून बंद करण्याचा विचार मी तिच्या कानावरही घातला नाही. पण साय काढलेले दूध सकाळ-संध्याकाळ परत आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. पेलाभर दुधात त्यातले अडीचशेच्या आसपास मिळते, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि तिळात तर कितीतरी जास्त, जरी तीळ कुणी वाटीने खात नसले तरी. तिने नाचणीची आंबील सुरू केली, ताकातली, जिऱ्याची फोडणी देऊन. जवस-तिळाची चटणी डब्यात असते. बलकासकट अंडे आठवड्यातून काही वेळा खायला ती अजूनही कचरते. अंड्यातले कोलेस्टेरॉल बहुतेक माणसांच्या रक्तातल्या आकड्यावर थोडाच परिणाम करते, संपृक्त चरबी जास्त करते, हे मी समजावले, तिने मान डोलावली आणि उकडलेल्या अंड्याचा बलक माझ्या ताटलीत ठेवला. तूप ती वरणभातावर अर्धा चमचा घेते. कमी म्हणावे तर तिने विसेक वर्षे तेही घेतले नव्हते. मोरीत आता दांडी बसवली आहे, उंबरा काढून टाकला आहे, आणि माझ्या मते तिच्या हाडांसाठी आजवर झालेला सगळ्यात शहाणा खर्च तो आहे, त्याची पावती दोन्ही फायलींत नाही.

माझा डेक्साही झाला. मांडीच्या हाडाच्या मानेचा आकडा उणे १.७ आला, उणे १ ते उणे २.५ च्या मधला, म्हणजे हाडे ठिसूळ नाहीत पण घसरणीला लागलेली आहेत. वर्षाला मी जे तपासणीचे पॅकेज घेते त्यात लिपिड प्रोफाइल आहे, डेक्सा नाही, तो मला हट्टाने वेगळे पैसे भरून करावा लागला, आणि काउंटरवरच्या मुलाने "मॅडम, तुम्हाला काही त्रास आहे का?" असे विचारले. त्रास नाही, हेच तर कारण, असे मी त्याला म्हणणार होते, पण मागे रांग होती. सध्या मी ओट्याची कड धरून उठाबशा काढते, लिफ्ट सोडून दोन मजले चढते, आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलायला जाते, जिथे माझ्याहून तरुण मुली माझ्याकडे प्रेमाने पाहतात आणि ते मला मुळीच आवडत नाही. १३८ या आकड्याला स्टॅटिन सुरू करायचे की अजून सहा महिने थांबायचे, हे ठरलेले नाही. मुलगी म्हणते बाबांच्या बाजूचा विचार कर, आत्या म्हणते आईच्या. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि त्यांच्यासमोर ठेवायला रक्ताचे रिपोर्ट आणि डेक्साचा कागद मी एकाच फायलीत लावले आहेत.